'ऑल विनर्स'चा विसावा अंक: तो का नाही आणि मग काय शोधायचे

प्रश्न असा आहे: डोंबिवलीच्या एका वाचकाला मामांच्या संग्रहातून जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळाली आहेत. मामा जर्सी सिटीत राहत होते, निवृत्तीनंतर परतताना त्यांनी ती बरोबर आणली. त्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या 'ऑल विनर्स कॉमिक्स' या सुपरहिरो मालिकेचे १६ ते १९ आणि २१ असे अंक आहेत. मधला २० नाही. परदेशातला एक विक्रेता हा 'हरवलेला २०' देतो म्हणतो, पण निम्मी रक्कम आगाऊ मागतो. अंक घ्यावा का, आणि नाही मिळाला तर संग्रह अपुरा राहील का?

नमस्कार. पैशांचा प्रश्न असल्यामुळे आधी निकाल सांगतो: आगाऊ रक्कम पाठवू नका. 'ऑल विनर्स कॉमिक्स' या नावाचा विसावा अंक कधी छापलाच गेला नाही. तो हरवलेला नाही, जळालेला नाही, कुणाच्या तिजोरीतही नाही. तुमच्या मामांनी १९ नंतर २१ ठेवला तो अगदी बरोबर ठेवला. त्या मालिकेचे १ ते १९ आणि २१ मिळून वीसच अंक निघाले. म्हणजे ज्याच्यावर २१ छापले आहे, तोच मोजणीने विसावा.

हे कसे झाले ते नीट सांगतो, कारण ते समजले की पुढे असा कोणताही 'गहाळ' अंक समोर आला तरी तुम्हाला स्वतःच तपासता येईल.

ही मालिका न्यूयॉर्कच्या टाइमली या प्रकाशनाची, म्हणजे आज आपण मार्व्हल म्हणून ओळखतो त्याच घराण्याची. मालक मार्टिन गुडमन. पहिला अंक १९४१ च्या उन्हाळ्याचा, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या काही महिने आधीचा. अंक ऋतूंप्रमाणे निघत: उन्हाळा, शरद, हिवाळा, वसंत. त्या घरातले सगळे गाजलेले नायक एकाच जाडजूड अंकात द्यायचे, ही कल्पना. कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च, सब-मरिनर असे प्रत्येकाचे वेगळे कथानक असे. मुखपृष्ठावर सगळे एकत्र शत्रूवर तुटून पडताना दिसत, आत मात्र जो तो आपापल्या गोष्टीत.

१९४६ मध्ये युद्ध संपलेले होते आणि वाचकांची आवड झपाट्याने बदलत होती. युद्धात शत्रूला बुकलणारे नायक आता काय करणार, हे प्रकाशकांनाही उमगत नव्हते. त्याच वेळी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींच्या विनोदी गोष्टी जोरात खपत होत्या. टाइमलीने तिकडे मोर्चा वळवला. मग १९४६-४७ च्या त्या काही महिन्यांत दोन मालिकांचे क्रमांक एकमेकांना छेदून गेले.

एक ओळ अशी: 'ऑल विनर्स'चा १९ वा अंक १९४६ च्या शरदाचा. त्यापुढचा २० हा क्रमांक जानेवारी १९४७ ची तारीख असलेल्या 'ऑल टीन कॉमिक्स'ला दिला गेला. त्यात एकही सुपरहिरो नाही. पुढच्याच अंकापासून त्याचे नाव नुसते 'टीन कॉमिक्स' झाले आणि गणती २१ पासून पुढे गेली.

दुसरी ओळ अशी: टाइमलीचीच 'यंग अलाइज' नावाची मालिका होती. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी आणि ह्यूमन टॉर्चचा साथीदार टोरो यांच्या पोरांच्या टोळीची. तीही १९४१ च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि ऑक्टोबर १९४६ च्या २० व्या अंकावर बंद पडली. तिच्यापुढचा २१ हा क्रमांक घेऊन 'ऑल विनर्स'चा एक अंक निघाला, १९४६ च्या हिवाळ्याचा. तोच तुमच्याकडचा २१.

थोडक्यात, 'ऑल विनर्स'चा २० दुसऱ्याला गेला आणि 'ऑल विनर्स'ला तिसऱ्याचा २१ मिळाला. अमेरिकेतल्या संग्राहकांच्या किंमतसूच्यांमध्ये हे कित्येक वर्षांपासून नोंदवलेले आहे. तरीही मुखपृष्ठावरचे आकडे पाहून दरवर्षी कुणीतरी नव्याने बुचकळ्यात पडतेच, त्यामुळे तुमचा प्रश्न मुळीच भाबडा नाही.

आता, कुणी शहाणा प्रकाशक असे का करील? उत्तर पोस्टात आहे. अमेरिकेत नियतकालिकांना टपालाचा 'दुसरा वर्ग' मिळे आणि तो दर खूप स्वस्त असे. आपल्याकडेही साप्ताहिके-मासिके पोस्टात नोंदणी करून सवलतीच्या दराने वर्गणीदारांना जातात, तशातलाच प्रकार. नवी मालिका काढायची तर नवा अर्ज, नवे शुल्क, नवी छाननी. पण चालू मासिकाचे फक्त नाव बदलले आहे असे दाखवले, तर जुन्याच नोंदीवर काम भागे. म्हणून सुपरहिरोचे मासिक बंद करून त्याच्या क्रमांकापुढे प्रेमकथा, गुन्हेकथा, काहीही सुरू करायचे. वाचकाला क्रमांक म्हणजे मालिकेचे वय वाटे, प्रकाशकाच्या लेखी मात्र ती पोस्टाच्या खात्यातली एक नोंद होती.

या पोस्टाच्या नियमाचा आणखी एक ठसा तुम्हाला अंकाच्या आत सापडेल. प्रत्येक अंकात मधेच दोन पाने चित्रांशिवाय, नुसत्या मजकुराची गोष्ट असते. पोरे ती न वाचताच उलटत. पण 'मासिक' म्हणून सवलत मिळवायची तर असा मजकूर हवाच, म्हणून तो घातला जाई. पुढे मार्व्हलचा सर्वांत गाजलेला लेखक-संपादक ठरलेल्या स्टॅन लीचे पहिले छापील लेखन अशाच दोन भरीच्या पानांवर आले, 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात, मे १९४१ च्या. ज्या पानांकडे कुणी पाहत नव्हते, त्यांतून पुढे केवढे घर उभे राहिले!

'ऑल विनर्स' हा अपवाद नव्हे. 'ह्यूमन टॉर्च' या मालिकेला तर पहिला अंकच नाही. १९४० च्या ऑगस्टचा 'रेड रेव्हन कॉमिक्स'चा एकच अंक निघाला आणि तो गुंडाळला गेला. त्याच्या पुढे 'ह्यूमन टॉर्च' सुरू झाली ती थेट २ पासून. मग २, ३, ४, ५ असे चार अंक झाल्यावर पाचवा अंक आला, त्याच्यावर पुन्हा ५ च छापले. त्यामुळे 'ह्यूमन टॉर्च'चा १ कुठेच नाही आणि ५ दोन आहेत: एक १९४१ च्या उन्हाळ्याचा, दुसरा त्याच वर्षीच्या शरदाचा. दुसऱ्यात टॉर्च आणि सब-मरिनर यांची अंकभर चाललेली प्रचंड लढाई आहे. तो अंक विकत घेताना 'पाचवा' एवढेच म्हणून चालत नाही, ऋतू विचारावाच लागतो. याच मालिकेच्या दुसऱ्या टोकालाही तीच कथा. मार्च १९४९ च्या ३५ व्या अंकानंतर क्रमांक ३६ 'लव्ह टेल्स' या प्रेमकथांच्या मासिकाला गेला. पुढे १९५४ मध्ये 'ह्यूमन टॉर्च' पुन्हा काढली तेव्हा तीही ३६ पासूनच.

पोस्ट खाते हे सगळे निमूट चालवून घेई असेही नाही. ईसी या दुसऱ्या प्रकाशनाने १९५० मध्ये जुन्या मासिकाच्या गणतीवर 'वियर्ड फँटसी' १३ पासून सुरू केले. १७ पर्यंत गेल्यावर पोस्टाने हरकत घेतली. मग १७ नंतरचा अंक आला तो क्रमांक ६ लावून, कारण खरोखर तो सहावाच होता. एखाद्या संग्रहात १७ नंतर ६ दिसला तर कुणी घाईने तो पुढे-मागे सरकवू नये, तारखेनेच लावावा.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, आणि मराठी घरांत ते बहुतेकांच्या हाताळणीतले. मुंबईच्या इंडिया बुक हाउसने काढलेल्या अमर चित्रकथेची गणती 'कृष्ण'पासून धरली जाते, आणि 'कृष्ण'चा क्रमांक ११ आहे. पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना गेले होते. '१ ते १० कुठे मिळतील' असे विचारणारे संग्राहक मला आजही भेटतात.

आता तुमच्या विक्रेत्याकडे येतो. त्याच्याकडे तीनपैकी एक गोष्ट असणार. एक, 'ऑल टीन'चा खरा २०. तो अस्सल जुना अंक आहे, पण त्यात तुमचे नायक नाहीत. दोन, 'यंग अलाइज'चा २०. तोही अस्सल, त्यात बकी आणि टोरो आहेत, पण ती वेगळी मालिका. तीन, कुणीतरी हौसेने किंवा फसवण्यासाठी संगणकावर जुळवलेले मुखपृष्ठ आणि आत दुसऱ्या कुठल्या अंकांची पाने. पहिल्या दोनपैकी काही असेल आणि किंमत त्या अंकाला साजेशी असेल, तर जरूर घ्या. दोन्ही तुमच्या संग्रहात शोभतील, कारण क्रमांकांचा हा गुंता त्यांच्यामुळेच उलगडतो. पण 'ऑल विनर्स २०' या नावाखाली मागितलेली किंमत देऊ नका.

खात्री करायला त्याच्याकडून मुखपृष्ठाचा फोटो मागू नका, तो कुणीही पाठवील. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक मजकूर असतो, त्याचा स्पष्ट फोटो मागा. आपल्या वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर 'हे पत्र मालक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले' अशी ओळ असते ना, तिचेच हे अमेरिकन भावंड. संग्राहक तिला इंडिशिया म्हणतात. तिथे मासिकाचे नाव, क्रमांक, तारीख, प्रकाशक कंपनी आणि दुसऱ्या वर्गाच्या टपाल नोंदणीचा उल्लेख असतो. मुखपृष्ठ आणि ही ओळ यांत फरक असेल, तर ओळीवर विश्वास ठेवा. कंपनीचे नाव पाहून गोंधळू नका. गुडमनने एकाच कचेरीतून चालणाऱ्या कितीतरी लहान कंपन्या नोंदवल्या होत्या, त्यामुळे 'टाइमली' हा शब्द तिथे नसला तरी बिघडत नाही.

अंक हातात आलाच तर आणखी दोन गोष्टी पाहा. त्या काळचे कॉमिक आजच्यापेक्षा रुंद असते, पावणेआठ इंचांच्या जवळपास. आजचे साडेसहाच्या आसपास भरते. आणि घड्याळजीचे भिंग घेऊन रंग पाहा. जुन्या छपाईत रंगाचे गोल ठिपके एका शिस्तीत ओळीने दिसतात. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत शाईचे बारीक शिंतोडे इतस्ततः पसरलेले दिसतात. एवढ्याने बहुतेक बनावट अंक उघडे पडतात.

आता मला जे सर्वांत मनापासून सांगायचे आहे ते. तुमचे लक्ष त्या नसलेल्या अंकावर खिळले आहे, आणि तुमच्याकडे जे आहे ते त्याहून कितीतरी मोलाचे आहे. १९ आणि २१ हे दोन अंक या मालिकेचा मुकुटमणी आहेत. आधीचे सगळे अंक सुट्या गोष्टींचे. १९ व्या अंकात पहिल्यांदा कॅप्टन अमेरिका, बकी, ह्यूमन टॉर्च, टोरो, सब-मरिनर, व्हिझर आणि मिस अमेरिका असे सातजण एकाच मोठ्या कथेत एक संघ म्हणून उतरले. या प्रकाशनाचा हा पहिला सुपरहिरो संघ. पुढे साठच्या दशकात याच घरातून निघालेल्या सगळ्या संघांचा हा पूर्वज. कथा लिहिली बिल फिंगरने, ज्याचा बॅटमॅनच्या जन्मात मोठा वाटा होता आणि ज्याचे नाव त्या श्रेयात अधिकृतपणे यायला २०१५ उजाडावे लागले. २१ व्यातली कथा ओटो बाइंडरची. त्यानंतर हा संघ दशकानुदशके पुन्हा दिसला नाही. म्हणजे त्याच्या मूळ कथा दोनच, आणि दोन्ही तुमच्या घरात आहेत. त्या दोन अंकांमध्ये कथेचा कुठलाही धागा तुटत नाही, विसाव्या अंकात घडलेले काहीही तुमच्याकडून निसटलेले नाही. १९ संपवा आणि २१ वाचायला घ्या.

कथेतली फट आहे ती वेगळ्याच ठिकाणी. १९६४ मध्ये कॅप्टन अमेरिकाला परत आणताना तो महायुद्धाच्या अखेरीसच बर्फात गोठला होता असे ठरवले गेले. मग १९४६ च्या या दोन अंकांत संघाचे नेतृत्व करणारा कोण? हे कोडे लेखक रॉय थॉमसने १९७७ मध्ये सोडवले. त्याने दाखवले की युद्धानंतर दुसऱ्याच माणसांनी तो पोशाख चढवला होता. मला हे उत्तर फार आवडते, कारण त्याने जुन्या लेखकांचे काम खोडले नाही, त्यालाच नवी जागा करून दिली.

म्हणून आता वेळ आणि पैसा आहे त्या अंकांवर लावा. या काळातल्या कॉमिक्सचे खरे नुकसान आकड्यांत झालेले नाही, पानांत झालेले आहे. युद्धात कागदाची टंचाई होती. १९४३ पासून सरकारने मासिकांच्या कागदावर मर्यादा घातली, अंक बारीक होत गेले. घरोघरची रद्दी युद्धकार्यासाठी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यात मुलेच पुढे होती. देशासाठी म्हणून त्यांनी आपल्या हाताने आपली कॉमिक्स दिली. युद्धानंतर कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा गहजब झाला. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे मुलांकडून गोळा केलेल्या कॉमिक्सच्या चक्क होळ्या पेटल्या. यातून जे उरले ते बहुधा एखाद्या माळ्यावर विसरल्यामुळे. ज्यांनी जपून ठेवले त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, तुमच्या मामांबद्दलही.

तेव्हा प्रत्येक अंकाची पाने मोजा. १९४१ च्या अंकांत मुखपृष्ठ सोडून ६४ पाने असत, युद्धात ती कमी होऊन ४८ पर्यंत आली. तुमचे अंक उशिराचे, म्हणून ६४ भरले नाहीत तर लगेच पाने गेली असे समजू नका. प्रत्येक अंकाची पूर्ण पानसंख्या जाणकारांच्या सूचीत मिळते, तिच्याशी ताडून पाहा. मधली जोडपाने पिनांवरून सुटून हमखास हरवतात, म्हणून अंक मधोमध उघडून गोष्ट सलग वाचता येते का ते बघा. दोन नुसत्या मजकुराची पानेही मोजणीत धरा, ती नसतील तर अंक अपुराच. जाहिरातींची पाने दोन्ही बाजूंनी तपासा. मुलांना क्लबात सामील होण्यासाठी, खेळणी मागवण्यासाठी कुपने असत आणि ती कात्रीने कापली जात. कूपन गेले की मागच्या पानावरच्या चित्राचाही तुकडा जातो. असा अंक टाकाऊ नव्हे, पण नोंद मात्र प्रामाणिक हवी.

हाताळणीबद्दल एवढेच: सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, आणि पिना गंजल्या असतील तर स्वतः काढू नका. तो कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, आम्लयुक्त. डोंबिवलीच्या पावसाळ्यात तो ओलावा ओढून घेतो, उन्हात ठेवला तर पिवळा पडून पापडासारखा तुटतो. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून, आडवे ठेवा. पाकिटाला थोडी हवा लागू द्या. प्लास्टिकच्या साध्या पिशव्या वास आणि ओलावा दोन्ही धरून ठेवतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेले नसावे. श्रावणापर्यंत आठवड्याला एकदा उघडून पाहा.

विमा किंवा वाटणीसाठी किंमत काढायची असेल, तर १९ आणि २१ यांचे मूल्यमापन एखाद्या मान्यताप्राप्त प्रतवारी संस्थेकडून करून घ्या. पण पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. अशा संस्था अंकाला दर्जा देऊन तो कडक प्लास्टिकच्या आवरणात सीलबंद करून परत देतात; हा संग्रह कुटुंबात राहणार असेल, तर माझ्या मते तसे सीलबंद करून घेण्याची गरज नाही. सीलबंद अंक कुणाला वाचता येत नाही.

यादीत नोंद अशी करा: 'ऑल विनर्स कॉमिक्स १९, शरद १९४६', त्याखाली 'ऑल विनर्स कॉमिक्स २१, हिवाळा १९४६, क्रमांक यंग अलाइज २० पासून पुढे', आणि मधे एक ओळ, 'क्रमांक २० या नावाने प्रकाशित नाही, पाहा ऑल टीन २०, जानेवारी १९४७'. रिकामी जागा सोडू नका आणि 'गहाळ' हा शब्द लिहू नका, नाहीतर पुढची पिढी पुन्हा तोच शोध सुरू करील. ऑगस्ट १९४८ ची तारीख असलेला 'ऑल विनर्स १' कधी मिळाला तर तो २१ च्या पुढे लावा. तो नव्याने गणती सुरू केलेला एकुलता अंक, पुढच्याच खेपेला ते मासिक 'ऑल वेस्टर्न विनर्स' या नावाने काउबॉयच्या गोष्टींचे झाले. आणि विक्रेत्याने इंडिशियाचा फोटो पाठवलाच, तर तो मला जरूर दाखवा. त्या बारीक ओळीत काय लिहिले आहे ते आपण मिळून वाचू.